शेवटच्या रिळातली बाई

ही गोष्ट माझी आहे. ऐकीव नाही. ज्याला खोटी वाटेल त्यानं दिवेलागणीला माझ्या घरी यावं. दाराजवळ बसावं. मी चहा करीन.

साल त्र्याहत्तर, फेब्रुवारीचा शेवट. दिंद्रुडजवळचं एक गाव. विहिरी कोरड्या. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, उरलेली दुष्काळी कामावर खडी फोडायला. सोसायटीनं त्या मजुरांसाठी फुकट खेळ ठेवला होता. सोसायटीच्या रिकाम्या गोदामापुढं आमचा तंबू.

मी बद्रीनाथ. टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर.

पडदा मधोमध. अलीकडं गडी, पलीकडं बाया. मशीन गड्यांच्या बाजूला. बायांना तेच चित्र कापडातून दिसायचं, पण उलटं. इकडं उजव्या हातानं जेवणारा माणूस तिकडं डावखुरा.

त्या संध्याकाळी पलीकडं माझी बायको बसली होती. सत्यभामा.

रीळ एक

जुनं चित्र, काळं-पांढरं. नाव घेत नाही. शहरातलं घर, नवरा-बायकोची भांडणं, कोर्ट, घटस्फोट. अगदी शेवटी, तेराव्या रिळात, ती परत येते. दार वाजवते. म्हणते, "मी परत आले. मला आत घ्याल ना?"

नवरा दार उघडतो. समाप्त.

हेच चित्र मी मुद्दाम लावलं.

सत्यभामा वर्षभर माहेरी होती. कारण एकच. मी तिच्यावर हात उचलला होता. एकदा. तंबूच्या सगळ्या माणसांसमोर. भाकरीला उशीर झाला म्हणून.

खेळाआधी सासरे आले होते, राधाकिशन.

"जावईबापू, खेळ सपला की ती तुमच्या गाडीत येऊन बसंल. न्हाई बसली, तर समजा फारकतीचा कागद झाला."

"ती काय म्हणते?"

"काय म्हनंल? रोज टँकरपाशी भांडती. लई भांडती. पर त्यात तुमचं नाव कदी निघत न्हाई."

ते गेल्यावर ड्रायव्हर बंकट हसला. "बरं हाय बे बद्री. नाव निघालं असतं तर घागर कुनाच्या डोक्यात बसली असती?"

रीळ दोन ते सहा

काही घडलं नाही.

पलीकडून लेकरांचं रडणं, बांगड्या, कुजबुज. मी त्यात तिचा आवाज शोधत होतो.

रीळ सात

आमच्या धंद्यात एक रीत होती. टाळीच्या जागा ऑपरेटरला पाठ असतात. ती जागा आली की तो रिळाच्या रिकाम्या डब्यावर हात मारतो. थाड. मग गडी टाळ्या उचलतात. खेळ रंगतो.

हे चित्र मी दोनशे वेळा तरी दाखवलं असेल.

सातव्या रिळात नवरा बायकोच्या मुस्कटात मारतो. ती पहिली जागा.

हात आपोआप गेला.

थाड.

टाळ्या. शिट्ट्या. "हान! आजून एक हान!"

आणि पलीकडं...

काहीच नाही. बांगडी नाही. लेकरूसुद्धा नाही.

ती शांतता शेवटपर्यंत राहिली. मी रिळं बदलत राहिलो. मला काही वाटत नव्हतं. आता लिहितानाही फारसं वाटत नाही.

रीळ तेरा

पडद्यावर ती आली. दार वाजवलं. वाक्य म्हणाली. नवऱ्यानं दार उघडलं.

दिवे लागले. बाया मुकाट उठून गेल्या. मी पलीकडं गेलो नाही. तंबू उतरवला, सामान भरलं, गाडीपाशी आलो.

गाडीत, डब्यांच्या मधे... कुणीतरी बसलं होतं.

डोक्यावर पदर. हात राखेच्या रंगाचे. पण त्या वर्षी सगळ्यांचाच रंग तसा झाला होता.

"आलीस?"

"मी परत आले. मला आत घ्याल ना?"

मला बरं वाटलं. "बस," म्हणालो. पुढं जाऊन बंकटशेजारी बसलो. गाडी पुढच्या मुक्कामाला, कडा गावाच्या वाटेला लागली.

निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं.

सत्यभामा असं बोलत नाही. ती म्हणाली असती, "आले बगा. सरका तिकडं." असं छापील बोलणं आमच्याकडं कुणाच्याच तोंडात नाही.

"बंकट, मागं कोण हाय?"

"वैनी हायेत की." पुढच्या खड्ड्यात त्यानं कान टवकारले. "पर बे... इतके खड्डे गेले. एक बांगडी वाजली न्हाई."

आम्ही दोघांनीही मागं पाहिलं नाही.

कड्याला उजाडलं. मागं फक्त डबे. तेराव्या डब्याचं झाकण उघडं. रीळ जागेवर.

(मध्यंतर)

तिसऱ्या दिवशी राधाकिशन एसटीनं आले. पाणी दिलं, घेतलं नाही.

"ती गाडीकडं आलीच न्हाई. सातव्या रिळालाच उठून घरी आली."

मी म्हणालो नाही की कुणीतरी आलं होतं.

"निरोप दिलाय. म्हनली, टाळ्या मी आयकल्या. पैली डब्यावरची व्हती."

रीळ तेरा, पुन्हा

त्याच संध्याकाळी कड्याला खेळ.

दार वाजलं नाही. वाक्य नाही. नवरा उठला, दार उघडलं. बाहेर रिकामं अंगण. तो त्या अंगणाकडं बघत राहिला.

समाप्त.

गडी ओरडले, "बाई कुटं हाय बे?" सगळे गेल्यावर मी ते रीळ तीनदा चालवलं. कापलेलं नव्हतं. जोडलेलंही नव्हतं. बाई नव्हती.

रीळ तेरा, रोज

तंबू कधीच मोडला. तो डबा माझ्या खाटेखाली आहे. परत मागायला कुणी आलं नाही.

सत्यभामेनं बायांची दूध सोसायटी काढली. वीस वर्षं चालवली म्हणतात. गेल्या वर्षी वारली. मी मातीला गेलो नाही.

दिवेलागणीला माझं दार वाजतं.

"मी परत आले. मला आत घ्याल ना?"

तेच वाक्य. तोच सूर. पन्नास वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही.

कधी कधी वाटतं, उघडावं. एकट्या माणसाला तेवढंही पुष्कळ. मी उठतो. कडी जड आहे, दोन्ही हात लावावे लागतात. दोन्ही हात लावतो.

आणि माझ्यामागं, खाटेखाली...

थाड.

एकच. डब्यावर हात पडावा तसा.

माझे दोन्ही हात तर कडीवर असतात.