अल्बममधलं वाकडं बोट

“तुझ्या त्या फोटोवाल्याने आमच्या लग्नाचा अल्बम गिळला की काय, छोटी?” ताट पुढे सरकवत मुलाने सुनेच्या देखत विचारलं, आणि वाढता वाढता सासूने पळी तशीच पातेल्यात परत ठेवली...

फोटोवाला तिने सुचवला होता, एवढाच तिचा अपराध! त्याच्या बायकोचे कपडे ती शिवायची, माणूस सज्जन वाटला, म्हणून तिने शब्द टाकला. आता लग्नाला कितीतरी महिने लोटले, तरी अल्बमचा पत्ता नव्हता. कधी मशीन बिघडलं, कधी कागद संपला, कधी कारागीर आजारी. आणि प्रत्येक सबबीचं खापर तिच्याच डोक्यावर फुटत होतं. सुनेच्या माहेरून विचारणा झाली की मुलगा हसत सांगायचा, “आमच्या छोटीची निवड!”

छोटी! त्याची आई वारल्यावर, तो अगदी लहान असताना, ती दुसरी बायको म्हणून या घरात आली. “ही तुझी छोटी आई,” असं त्याच्या वडिलांनी सांगितलं आणि त्या हट्टी पोराने त्यातली ‘आई’ तिथल्या तिथे गाळून टाकली, ती कायमचीच. पुढे वडील गेले, शिलाई मशीनच्या जोरावर तिने त्याला शिकवलं, तिच्या केसांची चांदी झाली, तरी बिचारी काही मोठी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती तडक फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तिला पाहताच त्याने घाईघाईने संगणक बंद करायला हात नेला. पण तेवढ्यात तिला दिसलंच. तिने स्वतः शिवलेलं निळं रेशीम... नवरदेवाच्या कपाळावर टेकलेला तिचाच हात... आणि मानेच्या वर एक दुसराच, धुरकट, हसरा चेहरा!

“हे... हे काय?”

“तुमच्या मुलाने सांगितलं, बाई,” तो मान खाली घालून म्हणाला. “आईच्या जागी आईच हवी, म्हणाला. त्याने दिलेला जुना फोटो इतका पुसट आहे, की मोठा केला की नाकडोळेच उरत नाहीत. म्हणून लांबत गेलं. आणि खरं सांगू? तुम्ही दारात यायचात, तेव्हा तुमच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी काहीबाही थापा मारायचो.”

तिच्या काळजात कुणीतरी सुई खुपसून तशीच ठेवली होती... ज्याच्यासाठी जन्म वेचला, त्याने तिचं धड ठेवून तिला फक्त डोक्यापुरतं वगळलं होतं! मग तिने पदराने डोळे टिपले आणि विचारलं, “चांगला फोटो मिळाला, तर लवकर होईल?”

घरी येऊन तिने कपाट उघडलं. तळाशी मऊ कापडात गुंडाळलेला त्याच्या जन्मदात्या माउलीचा स्वच्छ, मोठा फोटो होता. पोर संसाराला लागलं की त्याच्या हाती द्यायचा, म्हणून तिने तो इतकी वर्षं जिवापाड जपला होता. तो तिने उचलला आणि आपल्याच हाताने फोटोवाल्याला नेऊन दिला.

अल्बम आला! सून हरखून पानं उलटत होती.

“किती सुंदर दिसतात! या कोण?”

“माझी आई,” मुलगा अभिमानाने म्हणाला.

“पण हा हात तर आपल्या आईंचा आहे! हे वाकडं बोट... लग्नात घाबरून मी हेच धरून बसले होते. मग आई कुठे गेल्या?”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्या नव्या संसाराला पहिल्याच वर्षी तडा जाताना तिला दिसला, आणि ती लगबगीने पुढे झाली.

“मीच सांगितलं गं फोटोवाल्याला. लग्न बघायला ती असायला हवी होती ना? याला नव्हतं यातलं काही ठाऊक.”

“केवढं मन हो तुमचं, आई!” सुनेचे डोळे भरून आले आणि ती माहेरी फोन करायला बाहेर पळाली.

मुलाने तो खोटेपणा निमूटपणे पदरात पाडून घेतला. मग आवाज उतरवून म्हणाला, “छोटी, ते बोट तेवढं सरळ करून आण. उगाच कुणीतरी विचारत बसेल.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही... राग तर केव्हाच आटला होता.

“ते सरळ व्हायचं नाही, बाळा. तेव्हा डॉक्टरांनाही जमलं नाही.”

“तेव्हा म्हणजे?”

“‘तू माझी आई नाहीस’ म्हणून लहानपणी दार आपटून पळाला होतास ना? माझा हात चौकटीत होता. बोट मशीनमध्ये सापडलं, असं मीच तुझ्या वडिलांना सांगितलं. त्यांनी तुला फोडून काढलं असतं.”

एवढं बोलून ती आतल्या खोलीत निघून गेली. त्याने अल्बमचं ते पान पुन्हा पुढे ओढलं. समोर जन्मदात्रीचं हसू होतं, आणि त्याच्या कपाळावर ते वाकडं बोट टेकलेलं होतं...

“आई!” आतल्या खोलीच्या दाराकडे बघत आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला हाक मारली. पण हाक जेमतेम ओठांबाहेर आली, आणि आत शिलाई मशीनची घरघर सुरू झाली होती. तिला काहीच ऐकू गेलं नाही.