शुक्रवारी पाचनंतर

माझ्या हातून इंजेक्शन घेतलेला माणूस आजवर पडलेला नाही. रडलेला नाही, ओरडलेला नाही, साधं "आई गं"सुद्धा म्हणालेला नाही. हे मी फ्लू-शॉटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, आणि समोरच्या खुर्चीतल्या उंच माणसाच्या दंडात सुई घातली.

तो पडला.

नुसता पडला असता तर ठीक होतं. पडताना त्याने कापसाचा ट्रे नेला, सॅनिटायझरची बाटली नेली, आणि कॉलेजच्या मॅस्कॉटचा पुठ्ठ्याचा कटआउटही नेला. आमचा मॅस्कॉट बीव्हर आहे, पुढच्या दातांनी झाडं पाडणारा. रांगेतली मुलं "आय ॲम गुड, थँक्स" म्हणत पसार झाली. मी बीव्हर बाजूला केला, त्या माणसाचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले. त्याचे ओठ हलले.

"आई," तो डोळे मिटूनच म्हणाला, "मी अभ्यासच करतोय."

अमेरिकेतल्या कॅरी शहरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर, पाइनच्या जंगलात दडलेलं हे छोटंसं कॉलेज. तिथे मराठी बोलणारी मी एकटी, आणि तेही फोनवर, नागपूरच्या आईशी. मला हसू आलं. म्हणजे... आधी हसू आलं. बाकीचं नंतर.

"कर हो अभ्यास," मी म्हटलं, "पण आधी ज्यूस पी."

त्याने डोळे उघडले. लांब पापण्यांचे, भेदरलेले. "तू मराठी आहेस?"

"नाही, मी बीव्हर आहे. मराठी ती नर्स."

त्याचं नाव वेद. जन्म शुगर लँडचा, म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टनला लागून. त्याचं सगळं मराठी आईने रागावताना वापरलेलं, त्यामुळे तो कुणाशीही बोलला तरी पंखा बंद करायला सांगितल्यासारखं वाटायचं. कॉलेजात नवीनच होता. रिस्क मॅनेजमेंट. आवारात कोणी पडलं-झडलं तर त्याचा रिपोर्ट लिहिणं हे त्याचं काम. म्हणून तो तिथेच फरशीवर बसून, ज्यूस पीत, स्वतःच्या पडण्याचा रिपोर्ट लिहायला लागला.

"कारण काय टाकू?"

"भित्रेपणा."

"ड्रॉपडाउनमध्ये नाहीये. 'ओली फरशी' आहे."

"फरशी कोरडी होती."

त्याने सांडलेल्या सॅनिटायझरकडे शांतपणे बघितलं. "आता नाही."

त्याच आठवड्यात मला कळलं की माझं प्रपोजल मंजुरीसाठी ह्याच माणसाच्या टेबलावरून जाणार आहे.

कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये काम करणारे नर्स, डॉक्टर, कौन्सेलर दरवर्षी एका कॉन्फरन्सला जमतात. तिथे सेशन घ्यायचं तर आधी प्रपोजल पाठवायचं: टायटल काय, गोष्ट काय, ऐकणारे त्यातून काय शिकणार. कमिटी निवडते. माझ्या सेशनचं टायटल होतं, 'शुक्रवारी पाचनंतर'. ते मॅडीबद्दल होतं.

मॅडी फर्स्ट इयरची. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिला ताप भरला, डोकं ठणकायला लागलं. तिने आम्हाला फोन केला तेव्हा पाच वाजून गेले होते. कॉलेजने बजेट कापलं होतं, वीकेंडला फोनवर सल्ला देणारी नर्सलाइन बंद केली होती, आणि त्याच पैशात नवीन कारंजं बसवलं होतं. फोन मशीनने उचलला. इमर्जन्सी असेल तर नाइन-वन-वन करा, नाहीतर सोमवारी या. आता अठरा वर्षांच्या पोरीला तिचं डोकं दुखणं इमर्जन्सी आहे हे सांगणार कोण? तिने मेसेज ठेवला. "सॉरी टु बॉदर यू. मंडेला येते."

मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूज्वर, मंडेपर्यंत थांबत नाही. रविवारी रूममेट घरून परत आली, तिने दार उघडलं. आणि सोमवारी सकाळी मला कोणी काही सांगायच्या आत मी मशीनवरचा मेसेज ऐकला आणि मॅडीला कॉलबॅक केला. रिंग वाजत राहिली.

तिची आई लोरी नंतर मला भेटायला आली होती. म्हणाली, बाकीच्या कॉलेजांना सांग. माझी गेली, पण त्यांचा फोन तरी कोणी उचलू दे. मी हो म्हटलं. त्या 'हो'साठी हे प्रपोजल होतं.

वेदचं ऑफिस तळघरात. खिडकी एकच, छताला लागून. तिच्यातून बाहेर चालणाऱ्या लोकांचे फक्त बूट दिसायचे, आणि पाऊस आला की उडणारा चिखल. पहिल्या दिवशी त्याने 'मृत्यू' हा शब्द खोडला.

"त्याच्याऐवजी काय?"

"'अनपेक्षित परिणाम'."

"वेद, ती मेली."

"मला माहिती आहे." त्याने वर बघितलं नाही. "पण ह्या कॉलेजच्या कागदावर कोणी मरत नाही. पॉलिसी आहे."

"मग ब्रोशरवर छापा ना! ॲडमिशन घ्या, अमर व्हा."

त्याचं तोंड गंभीरच राहिलं. कान मात्र लाल झाले... मी बघत होते.

मी दर दोन दिवसांनी प्रपोजल घेऊन खाली जायचे. तो दर वेळी काहीतरी उडवायचा. 'बंद होतं'चं 'मर्यादित उपलब्धता' झालं. मॅडीची आधी 'एक विद्यार्थिनी' झाली, मग 'एक व्यक्ती', मग 'स्टेकहोल्डर'. महिन्याभराने वाचलं तर मर्यादित उपलब्धतेमुळे एका स्टेकहोल्डरला अनपेक्षित परिणाम झाला होता. वाचून वाटावं, बाईंना पार्किंग मिळालं नाही.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी ओरडले.

"हे आई म्हणते," तो म्हणाला. "सेम टोनमध्ये."

त्याची आई शुगर लँडहून चिवड्याचे डबे पाठवायची. डबा आमच्या मध्ये असायचा. वेद त्यातले काजू निवडून हळूच माझ्या बाजूला सरकवायचा, आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून 'विद्यार्थिनी' खोडायचा. मी काजू खायचे आणि त्याच्याशी भांडायचे. एकदा दोघांचे हात डब्यात एकदम गेले. दोघांनीही मागे घेतले नाहीत... मग कोणाचे तरी बूट खिडकीपाशी थांबले, आणि आम्ही दोघंही एकदम पॉलिसीबद्दल बोलायला लागलो.

एका संध्याकाळी धो-धो पाऊस. तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. छत्री कॉलेजची होती, त्यामुळे तीन पावलांत उलटी झाली. आम्ही जिन्याखाली उभे राहिलो, भिजलेले.

"डोकं पूस," तो दरडावला. मग — "ती कशी होती?"

एवढ्या दिवसांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं.

"स्केटबोर्डवरून पडून आली होती एकदा," मी म्हटलं. "कुबड्या दिल्या तर त्यांना नावं ठेवली. एक डेबी, एक कॅथी. परत करताना म्हणाली, कॅथीला जपा, ती जरा सेन्सिटिव्ह आहे."

तो हसला. हसता हसता थांबला.

"मेसेजची फाइल माझ्याकडे आहे, गिरिजा. मी ती ऐकतो. दर वेळी ती सॉरी म्हणते..." त्याने उलटी छत्री सरळ करायचा प्रयत्न केला. "आणि माझं काम काय, तर त्यात कॉलेजची जबाबदारी किती, ते ठरवायचं."

"किती ठरवलीस?"

"मी 'कमी' लिहिलं होतं."

छत्रीची काडी मोडली. मी त्याच्यापासून लांब सरकले नाही.

डेडलाइनच्या आदल्या दिवशी व्हाइस प्रेसिडेंट कॅरोलने मला बोलावलं. कॅरोल कायम हसते. तिला मी रागावलेलं बघितलेलं नाही, आणि त्यामुळेच तिची भीती वाटते. तिने टायटल बदललं होतं. 'वीकेंड वेलनेस: संधी आणि सहकार्य'. मॅडीचा पॅराग्राफ नव्हता. त्या जागी कारंज्याचा फोटो होता.

"आणि गिरिजा, तुझ्या व्हिसा रिन्युअलची फाइल माझ्याकडेच आलीय बरं का," ती इंग्लिशमध्ये, मधाळ आवाजात म्हणाली. "किती पेपरवर्क असतं ना तुम्हा लोकांना!"

रात्रभर विचार करायला तसं काहीच नव्हतं. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आणि नोकरी ठेवली तर लोरीला फोन करून सांगायचं की तुझ्या मुलीचं कारंजं झालं.

शुक्रवारी दुपारी मी तळघरात उतरले. पोर्टल पाचला बंद होणार होतं. माझ्याकडे मूळ प्रपोजल होतं, मृत्यूसकट.

"मी हेच पाठवणार," मी दारातूनच म्हटलं. "तू अप्रूव्ह कर, नाहीतर नको करू. गेले उडत सगळे."

"पाठवलं," वेद म्हणाला.

"काय पाठवलं? कारंजं?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'शुक्रवारी पाचनंतर'. मॅडी. मृत्यू. 'बंद होतं'. 'सॉरी टु बॉदर यू'. एकूण एक शब्द जागच्या जागी. आणि खाली, प्रेझेंटर: वेद आणि लोरी.

मी दोनदा वाचलं. "माझं नाव?"

"काढलं."

"मी जिवाचं रान केलं, आणि तू... शेवटी मलाही खोडलंस?"

"हो."

"का?" माझा आवाज फाटला.

"कारण तुझी नोकरी गेली तर तुला देशाबाहेर काढतील. माझी गेली तर मला कुठे पाठवणार? मी शुगर लँडचा आहे." त्याने घसा खाकरला. "फार तर आईकडे पाठवतील."

"ते जास्त भयंकर आहे."

"माहिती आहे. म्हणून तर आठवडा लागला."

मला त्याला एक ठेवून द्यायची होती. मी हात उचललासुद्धा, पण तो त्याच्या बाहीवर जाऊन पडला आणि तिथेच राहिला. वर खिडकीत बूट घरी चालले होते, एकामागून एक. पाच वाजले होते. त्याने दुसऱ्या हाताने माझा हात झाकला. त्याचा तळवा बर्फासारखा गार होता. तोही घाबरलेला होता म्हणजे. मग मला जरा बरं वाटलं.

सोमवारी त्याला काढलं. सिक्युरिटीचा माणूस गाडीपर्यंत सोडायला आला, चिवड्याचा रिकामा डबा कॉलेजच्या मालकीचा नाही ह्याची खात्री करून घेतली, आणि कारंज्याशेजारून वेद गेला.

हिवाळा वाईट गेला. तो शुगर लँडमध्ये, आई-वडिलांच्या घरात, शाळेत असतानाच्या पलंगावर, पाय बाहेर. त्याची आई त्याला रोज एक नोकरी आणि एक मुलगी सुचवायची. मी इथे, त्याच मशीनच्या शेजारी. दर शुक्रवारी पाच वाजता ते चालू करायचं काम माझंच. ते चालू केलं की मी त्याला फोन करायचे, आणि तो पहिल्या रिंगला उचलायचा.

जानेवारीत प्रपोजल ॲक्सेप्ट झालं. कॉलेजचे वकील खवळले, पण करणार काय? त्यात कॉलेजचा एकही माणूस नव्हता. एक काढून टाकलेला, आणि एक आई. आईला नोटीस पाठवायची हिंमत कॅरोललाही झाली नाही. माझा व्हिसा रिन्यू झाला. मी तो साजरा केला नाही.

जूनमध्ये, कोलंबसच्या एका हॉटेलात, मी रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने, मागच्या रांगेत बसले. हॉल गच्च भरलेला. भिंतीला टेकून लोक उभे. वेदने घसा खाकरून पहिलं वाक्य म्हटलं, "एक मुलगी मेली," आणि फायर अलार्म वाजला.

खाली किचनमध्ये कोणीतरी ब्रेड जाळला होता. आपत्कालीन दारांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मागच्या पार्किंगमध्ये. बारीक पाऊस पडत होता. मला वाटलं, संपलं. लोक कॉफी शोधायला जाणार. पण लोरी एका सिमेंटच्या कठड्यावर चढली. वेदने तिला हात दिला आणि छत्री मिळाली नाही म्हणून तिच्या डोक्यावर लॅपटॉपची बॅग धरली. लोरीने स्वतःचा फोन वर केला आणि वेदने दिलेला मॅडीचा मेसेज लावला.

"सॉरी टु बॉदर यू..."

कोणी जागचं हललं नाही. शेकडो नर्स आणि डॉक्टर, पावसात, एका मुलीचा आवाज ऐकत. मग लोरी बोलली, मग वेद बोलला, सगळं, न खोडता. संपल्यावर टाळ्या नाहीत. माझ्या शेजारच्या एका बाईने तिथूनच आपल्या डीनला फोन लावला. "शनिवार-रविवार," ती म्हणत होती. "नाही, बजेट नंतर. आधी फोन उचलायला माणूस."

गर्दी पांगल्यावर वेद माझ्याकडे आला. शर्ट अंगाला चिकटलेला, पापण्यांवर पाणी.

"मी ह्यूस्टनला जॉब बघतेय," मी म्हटलं. "एक हॉस्पिटल आहे. व्हिसा ट्रान्सफर करायला तयार आहेत."

"ह्यूस्टन? का?"

"तिथली हवा आवडते."

"ह्यूस्टनची हवा कोणालाच आवडत नाही, गिरिजा. जूनमध्ये तर श्वास चावून घ्यावा लागतो."

"मग..." मी त्याच्या कॉलरचं पाणी झटकलं. "कळलं ना का ते."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. मग त्याने ती ओली बॅग खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं, लोरीसमोर, उरलेल्या सगळ्यांसमोर. लोरी रडत होती आणि मान हलवत होती, हो, हो, असं.

त्या कॉन्फरन्सला हजेरी लागते ती सेशन संपल्यावर, हॉलच्या मुख्य दारातून बाहेर पडताना, बॅज स्कॅन केला की. आम्ही सगळे आपत्कालीन दारांनी बाहेर पडलो होतो. पुढच्या आठवड्यात वेदला कमिटीची ईमेल आली. 'शुक्रवारी पाचनंतर' ह्या सेशनला उपस्थिती शून्य होती, त्यामुळे ह्या विषयात कोणाला रस नाही असं धरून तो पुढच्या वर्षीच्या यादीतून वगळण्यात आला आहे.