अंगठ्यावरची टिचकी

काम तसं फार काही नव्हतं. बाबांचं दुकान उघडायचं, फळीवरचे भिंगरीच्या पायांचे लाकडी साचे पिशवीत घालायचे आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं. बाजारातला बूटवाला म्हणाला होता, "साचे तेवढे आणून द्या ताई, बाकी माझ्यावर सोडा." म्हणून ताई भर दुपारी निघाली. घरीदारी सगळे तिला ताईच म्हणायचे, आपणही तेच म्हणू. सोबत धाकटा भाऊ, आणि भावाच्या पाठुंगळीला भिंगरी, ताईची दुसरीतली मुलगी.

खरं तर भिंगरीला आणायचंच नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला त्या जागेपासून लांब ठेवा म्हणून. पण पोरीने दारातच फतकल मारली आणि असा काही सूर लावला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मामा म्हणाला, "ने गं ताई, जाऊन यायला असा कितीसा वेळ लागतो?" झालं. असंच होतं बघा, ज्याचा आपण वर्षभर पस्तावा करतो ते काम आपण कुणाच्या तरी 'असा कितीसा वेळ लागतो'वर करून बसतो.

बाबा बूट शिवायचे. जन्मभर तेवढंच केलं, आणि असं केलं की त्यांचा बूट एकदा पायात घातलेला माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही. त्यांचा स्वतःचा डावा पाय जरा आखूड होता. त्या बुटाला ते जाड तळ लावायचे, त्यामुळे चालताना टक्... धप्... टक्... धप् असा आवाज यायचा. मुलांशी लपाछपी खेळताना त्यांना कधी म्हणून लपता आलं नाही, बिचाऱ्यांना. आणि गंमत बघा, दोन्ही मुलं धडधाकट निपजली आणि नातीला नेमका तोच डावा पाय आला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताई ढसाढसा रडली होती.

"रडतेस काय, वेडाबाई?" बाबा म्हणाले. "लोक नातवंडांना नाक देतात, मी पाय दिला. मी आहे तोवर पोरगी लंगडली तर नाव बदल माझं."

नाव बदलावं लागलं नाही. आजोबांचे बूट घालून पोरगी अशी गरगर धावायची की तिचं खरं नाव शाळेपुरतंच उरलं. तिचा पाय वाढला की बाबा जुन्या साच्यावर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवायचे आणि म्हणायचे, "बघा, पोरगी वाढते तसं माझं लाकूडही वाढतंय."

माप घ्यायची त्यांची एक रीत होती. माप संध्याकाळीच घ्यायचं, कारण दिवसभर चालून पाय फुगतो आणि तेव्हाचंच माप खरं. गिऱ्हाइकाने बुटक्या पाटावर उभं राहायचं, दोन्ही हात बाबांच्या टकलावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की माणूस खाली बघतो आणि बोटं आखडतो, असं त्यांचं म्हणणं. गुडघा टेकताना त्यांचं हाड कट् करून वाजायचं. "हाडांनी हजेरी लावली, चला," म्हणून ते चामड्याची पट्टी पायाभोवती गुंडाळायचे. आधी डावा, मग उजवा. शेवटी अंगठ्यावर एक टिचकी. टिचकी बसली म्हणजे माप झालं, आता डोळे उघडा. त्याआधी नाही. ताई लहान असताना एकदा चोरून बघत होती, तर तो बूट टाचेला लागला. बाबा हसून म्हणाले होते, "डोळे उघडलेस ना? बुटाने चुगली केली बघ." त्यानंतर तिने कधी उघडले नाहीत.

बाबा गेले ते भिंगरीचं माप घेता घेता.

ताई चहा घेऊन दुकानात आली तेव्हा पोरगी पाटावर उभी होती, डोळे गच्च मिटलेले, हात आजोबांच्या डोक्यावर. त्यांचं कपाळ तिच्या गुडघ्याला टेकलेलं. "आजोबा, आटपा ना आता," ती कुरकुरत होती, "मला मुंग्या आल्या." ताईच्या हातातली कपबशी कधी सुटली तिचं तिलाच कळलं नाही. तिने लेकीला खसकन ओढून बाजूला घेतलं आणि मग जी रडारड, धावाधाव सुरू झाली, त्यात टिचकी कुणाला आठवणार?

आठवली ती भिंगरीला.

तेव्हापासून दिवस कलला की ती कुठेही असो, उभी राहायची. डोळे मिटायची. दोन्ही हात पुढे करायची आणि हवेत टेकवायची, गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जेवढ्या उंचीवर येईल तेवढ्याच उंचीवर. हात जराही हलायचे नाहीत. आधी घरच्यांना वाटलं, खेळतेय. मग ते लांबत चाललं. दिवे लागले तरी उभीच, जेवणं झाली तरी उभीच. हाका मारा, हलवा, काही उपयोग नाही. पाय बघावेत तर बर्फासारखे गार. आपोआप शुद्धीवर आली की एवढंच म्हणायची, "आजोबांनी अजून टिचकी मारली नाही." एका संध्याकाळी ताईने जीव मुठीत धरून स्वतःच तिच्या अंगठ्यावर टिचकी मारली. पोरीने डोळे न उघडता सांगितलं, "ही त्यांची नाही."

बूट तर तिने पायात घालायचेच सोडले होते. माप झालं नाही म्हणे. अनवाणी, लंगडत, भिंतीला धरून चालायची. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का बसलाय, वेळ द्या. पण प्रत्येक संध्याकाळी लेक थोडी जास्त वेळ तिकडे आणि थोडा कमी वेळ इकडे असते, हे आईला दिसत होतं. एक दिवस ती परत येणारच नाही, ही भीती ताईच्या मनात घर करून बसली होती. निदान पायात बूट आले तर येईल ताळ्यावर, म्हणून तर ही साच्यांची खटपट.

कुलूप गंजलं होतं, त्यातच बराच वेळ गेला. दार उघडलं तसा आतला वास अंगावर आला. चामडं, मेण, सरस. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने सवयीने चपला दाराशी काढल्या. कोपऱ्यात बाबांचा पाट तसाच होता, पट्टी खिळ्याला तशीच लटकत होती.

"तू साचे काढ, मी नाक्यावरून भाड्याची गाडी मिळते का बघतो," भाऊ भिंगरीला खाली ठेवत म्हणाला. "ही बारकी दिसते, पण वजनाला पोतं आहे पोतं."

"मामा, मी ऐकतेय हं," भिंगरी म्हणाली. कित्येक दिवसांनी ती असं काहीतरी बोलली. ताईला बरं वाटलं.

फळीवर सगळ्यांचे साचे ओळीने मांडलेले. ताईचे होते, भावाचे होते. भिंगरीच्या जागी मात्र नुसती धूळ, आणि धुळीत दोन पावलांएवढ्या स्वच्छ खुणा. ताईने वरची फळी पाहिली, खालची पाहिली, पेटी उपसली. भिंतीकडे तोंड करून शोधता शोधता उजेड कधी उतरला ते तिला कळलंच नाही. साचे सापडले ते बाबांच्या कामाच्या मेजावर, चामडं कापायच्या रापीशेजारी. तिने डावा उचलला. पुढच्या टोकाला नवा तुकडा चिकटवलेला होता. तिचा अंगठा त्याला लागला आणि चिकटला.

सरस ओला होता.

सरस वाळायला एक रात्र पुरते हो. बाबांना जाऊन तर हिवाळा सरला होता.

"भिंगरे," ती मागे न बघता म्हणाली, "चल, निघायचं आपण."



ताई वळली. भिंगरी पाटावर उभी होती. डोळे मिटलेले. हात पुढे, हवेत टेकवलेले. खिळ्यावर पट्टी नव्हती.

मागच्या खोलीतून आवाज आला. त्या खोलीत एक मोरी आणि चार भिंती, याखेरीज काही नाही, आणि तिला दुसरं दार नाही.

टक्... धप्... टक्... धप्...

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. घशाशी हाक आली, 'बाबा!' शाळेतून आल्यावर मारायची तशी. मग अंगावर सर्रकन काटा आला आणि हाक तिथेच गोठली. पावलं दुकानात आली. दिसत काहीच नव्हतं. पावलं तिच्या अगदी जवळून गेली, मेणाचा वास दाट झाला आणि पाटापाशी थांबला.

कट्.

हाडांनी हजेरी लावली.

भिंगरीचे हात जरासे खाली दबले, खरंच कशावर तरी विसावल्यासारखे. तिचे ओठ निळे पडत चालले होते. चेहरा मात्र शांत, थेट झोपल्यासारखा. ताईने पाटावर चढून तिला मिठी मारली, ओढलं. पोरगी तसूभर हलेना.

"बाबा..." ताई पुटपुटली. "बाबा, तुम्ही आहात ना? ...ती लहान आहे हो. तुमचीच भिंगरी आहे. सोडा तिला..."

 पायाशी चामड्याची सळसळ, हळूहळू, अगदी सावकाश. काम अर्धवट टाकून बाबा जेवायलासुद्धा उठले नव्हते कधी. तो माणूस मरणाला कसा उठेल? ताईला ते एकदम कळलं.

"काम पुरं करायचंय ना तुम्हाला?" ती खाली पाटापाशी बघत म्हणाली. "मग तिची टिचकी तिला द्या... आणि माप घ्यायचंच असेल तर माझं घ्या. मी उभी राहते. पाहिजे तेवढा वेळ उभी राहते... पण तिला सोडा."

सळसळ थांबली.

टिच्.

लहानसा, कोरडा, ओळखीचा आवाज. भिंगरीने डोळे उघडले. "झालं!" ती ओरडली आणि हसली. कशी हसली म्हणून सांगू, सगळ्या हिवाळ्याचं हसू साठवून ठेवल्यासारखी. तिच्या गालांवर रंग आला. ताईने तिचे पाय चाचपले. गरम. "आई, सोड ना, गुदगुल्या होतात," म्हणत पोरगी टुणकन पाटावरून खाली उतरली आणि लंगडतच दाराकडे धावली. "मामा! मामा, माझं माप झालं!"

ताई रडत होती आणि हसत होती. देव पावला म्हणायचं, आणखी काय! साचे उचलायचे आणि निघायचं. ती पाटावरून खाली यायला पाऊल उचलू लागली.

पाऊल सुटेना.

कट्.

तिच्या उजव्या हाताला काहीतरी गार लागलं. गोल, गुळगुळीत, मागच्या बाजूला एक लहानसं टेंगूळ. लहानपणी या टेंगळावर ती बोटाने तबला वाजवायची. गार बोटांनी तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलकेच सरळ केला, आखडलेला असला की बाबा करायचे तसा. आणि बाईने काय करावं? डोळे मिटायचे असं तिने काही ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, डोळे आपोआप मिटले.

मिटल्यावर तिच्या ध्यानात आलं.

पण आता उघडायचे कसे... टिचकीच्या आधी तिने कधी उघडले नव्हते.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. भावाची पावलं पायरीवर आली. "ताई, अंधारात काय करतेस गं? आवरलं का?" मग त्याचा आवाज बदलला. "ताई...? अशी का उभी आहेस? ए ताई!"

ताईला सगळं ऐकू येत होतं. पण फार लांबून, दुसऱ्या गल्लीतून कुणी बोलावं तसं. पायांतून गारठा हळूहळू वर चढत होता. भाऊ धावत पुढे आला असावा, कारण भिंगरीने त्याला अडवलं. तिचा आवाज हळू होता, समजावणीचा, मोठ्या माणसासारखा.

"शू... मामा, हात लावू नकोस. आईचं माप चाललंय."

आणि जरा थांबून, खाली कुठेतरी बघत ती म्हणाली, "आता कुठे डाव्याला सुरुवात झालीय. आणि आजोबा म्हणतात, मामा, तू पण चपला काढून ठेव."