तीन कॅलेंडरं आणि चंद्रावरची आई

चाकानंतर माणसानं लावलेला सर्वांत थोर शोध म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहणं. साताऱ्याच्या सातपुत्यांकडे हा शोध २०५८ सालापर्यंत पोचलेला नव्हता.

कृतिका सातपुतेची आई चंद्रतळावर खडकांचा अभ्यास करत होती. दर रविवारी घरी बोलायला तिला अर्धा तास मिळे. गेल्या रविवारी ती पडद्यावर आली, तेव्हा समोर रिकामी खुर्ची होती. कृतिका वाट पाहून कंटाळून खो-खोला गेली होती, बाबा भाजीला आणि आज्जी कराडला बहिणीकडे. आई खुर्चीशीच चार शब्द बोलली असावी.

आज चुकून चालणार नव्हतं. उद्या आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूला निघणार होती आणि मग महिनाभर बोलणं नव्हतं. पण घरातले तीन संगणक तीन वेगवेगळ्या वेळा सांगत होते. कृतिकाचा साडेबारा, बाबांचा चार, आज्जीचा सहा.

साडेबारा होऊन गेले. पडदा काळाच.

"आई विसरली," कृतिका म्हणाली. डोळे भरून आले होते.

"विसरायला ती काय तुझा बाप आहे?" आज्जी म्हणाली. तिची उभी हयात कॅलेंडरचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली होती, त्यामुळे माणसांकडून तिच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. "साडेबारा कुणी सांगितले तुला?"

"आईनंच. निरोपात."

"अगं, ते तिच्या घड्याळातले! तळाचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं. आपण साडेपाच तास पुढे. मिळव बघू."

"सहा!" कृतिकानं डोळे पुसले. "मग बाबांचे चार कुठून आले?"

"मी काही टाइप केलं नाही हं," बाबा घाईनं म्हणाले. "तळाची फाईल आली, ती जशीच्या तशी आत घेतली."

"तळाचा प्रोग्रॅम वेगळा, तुमचा वेगळा. मग फाईल उघडली कशी?" कृतिका म्हणाली.

"लग्नपत्रिका कुठल्याही छापखान्यातली असो, तुला कळते ना?" आज्जीनं विचारलं. "कुणाचं, कधी, कुठे, हे असतंच. तसंच या कंपन्यांचं. एरवी त्यांचं एकमेकींशी पटत नाही, पण एक फॉरमॅट (माहिती मांडायची ठरलेली रीत) सगळ्यांनी मानला. कार्यक्रमाचं नाव, सुरुवात, शेवट, कुठल्या प्रदेशाची वेळ. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाला आपला एक ओळख-क्रमांक."

"मग चुकलं कुठे?"

"पत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त बदलला, तर घरोघरच्या पत्रिका आपोआप बदलतात?"

"छे! त्या जुन्याच राहतात."

"बाबांकडे तीच जुनी पत्रिका आहे. त्यांनी केलं इम्पोर्ट (एक प्रत आत घेणं). नंतर तळानं चारचे सहा केले, ते त्या प्रतीला कळणार कसं? मी केलं सबस्क्राइब (मूळ कॅलेंडरच्या पत्त्याशी जोडून राहणं). माझा प्रोग्रॅम अधूनमधून विचारतो, 'काही बदललं का?' बदललं असेल, तर ओळख-क्रमांक पाहून तीच नोंद सरकवतो. दुसरी मांडून ठेवत नाही."

कृतिका आज्जीच्या पडद्याकडे बघत राहिली. चंद्रावर कुणीतरी एक आकडा बदलला आणि साताऱ्यात एक चौकोन मुकाट्यानं खाली सरकला. कुणी कुणाला फोन केला नाही, 'मला सांगितलंच नाही' म्हणून कुणी रुसलं नाही. सातपुत्यांच्या तीन पिढ्यांना जे साधलं नव्हतं, ते साध्या अक्षरांच्या एका फाईलनं करून दाखवलं होतं.

तिनं आपली साडेबाराची आणि बाबांची चारची नोंद पुसली. तळाचा पत्ता आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडला, मग बाबांच्याही. तिन्ही पडद्यांवर सहा उमटले. पुढच्या वर्षीच्या एका तारखेवर आणखी एक चौकोन आला: 'डॉ. सातपुते, पृथ्वीवर परत.'

"ही तारीख बदलली तर?"

"तर तुझ्याकडेही बदलेल. तळावर कळलं की आपल्याला कळेल."

सहाला तिघंही खुर्च्यांवर होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सव्वासहा झाले. पडदा काळाच. कृतिकानं आज्जीचा हात धरला.

सहा वाजून वीस मिनिटांनी आई धापा टाकत पडद्यावर आली. उरलेल्या दहा मिनिटांत कृतिकानं खो-खोपासून ओळख-क्रमांकापर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि आई हसत ऐकत राहिली.

जाता जाता आज्जीनं उशिराचं कारण विचारलं. वेळ स्वतःच कळवून आईनं आज कॅलेंडर उघडलंच नव्हतं.