अडीच स्टारवाली

हेडफोनची डावी बाजू गप्प झाली नसती, तर आमची गाठच पडली नसती.

तेव्हा मी पेपरच्या पुरवणीत नव्या अल्बमची परीक्षणं लिहायची. दुरुस्तीवाल्या काकांनी वायर जोडली, कसलंसं संगीत लावलं आणि हेडफोन माझ्या हातात दिला. "बघा, दोन्हीकडून येतंय ना?"

येत होतं. हिपहॉपचे ठोके, त्यावर इलेक्ट्रॉनिक सूर, शब्द एकही नाही. त्याच आठवड्यात या अल्बमला मी पाचपैकी अडीच स्टार दिले होते.

"काका, दुसरं काही नव्हतं का? हे ऐकूनच तर डावी बाजू गेली असेल."

काका उगाचच खोकले. शेजारी जुना कीबोर्ड काखेत धरून उभा असलेला उंच मुलगा म्हणाला, "अडीच स्टारवाल्या तुम्हीच का?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"बाकीच्यांनी माझा अल्बम डोक्यावर घेतला हो," तो म्हणाला. "एकाने तर 'महानगरी एकाकीपणाचा आलेख' लिहिलं. वाचून मलाच भरून आलं."

"मग खूश राहा की."

"राहिलो असतो. पण तुम्ही लिहिलंत, 'सगळं आहे, माणूस तेवढा नाही.' तेव्हापासून झोप उडालीय."

"म्हणजे राग आलाय."

"आला होता..." तो माझ्याकडे बघत राहिला. "आता जरा उतरतोय."

"स्टार वाढवून मिळणार नाहीत."

"मागतंय कोण? कॉफी तरी घ्याल?"

कॉफी घेतली. मग घेतच राहिलो. काका त्याला ठोकेवाला म्हणत. बाहेर पाऊस असला की ते आम्हाला आतल्या बाकावर बसू देत. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, त्यामुळे खांदे टेकायचेच... मी काही वायर बदलून घेतली नाही. त्याचा छोटा रेकॉर्डर कायम चालू असायचा, पण त्याकडे लक्ष कोण देतंय?

"कसं वाटलं?" तो विचारायचा.

"छापून आल्यावर वाचा."

पुढच्या वर्षी त्याचा दुसरा अल्बम आला. संपादक बाईंनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "पहिल्यावर तूच लिहिलंस, यावरही तूच लिही."

चौथ्या ट्रॅकमध्ये ठोके अचानक थांबले आणि कुणीतरी हसलं. मीच होते ती. कपाळावरचा चष्मा काका दुकानभर शोधत होते, त्या दिवशीचं ते हसू. मग ठोके हळूच परत आले, माझ्या हसण्याच्या चालीने. भर ऑफिसात माझे डोळे भरले. अल्बम खरंच चांगला होता, की मीच कामातून गेले होते, काही कळेना.

आमच्याकडे नियम होता — जवळच्या माणसावर लिहायचं नाही. पण लिहिलं नाही तर तो समजणार, मला आवडलंच नाही. आणि इतर कुणाचं नाही, तो माझंच वाचायला थांबला होता.

मी अल्बम बाईंना परत दिला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नातं आहे का काही?"

"अजून नाही... पण आहे."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? जा."

तो दुकानातच होता. "कधी छापून येतंय?" त्याने विचारलं.

"मी लिहिणार नाही."

त्याचा चेहरा पडला. "इतकं वाईट झालंय?"

"तसं नाही... आपल्या माणसावर लिहू देत नाहीत आमच्याकडे."

काकांनी रेडिओ बारीक केला. तो खुळ्यासारखा बघत राहिला.

"म्हणजे... एकही स्टार नाही?"

"एकही नाही."

"चालेल," तो म्हणाला आणि माझा हात धरला. कॉफी त्या दिवशी राहूनच गेली.

परीक्षण दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं. साडेतीन स्टार दिले. शेवटी मात्र टोचलं होतं, 'चौथ्या ट्रॅकमधल्या स्त्रीच्या हसण्याचं प्रयोजन कळत नाही.'

काकांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तो बाकही गेला. पण आजही मी मनापासून हसले, की स्वयंपाकघरातून भांडी घासता घासता आवाज येतो, "अगं, याचं प्रयोजन काय?"