गेरूगावचं चमचाभर शैवाल

मंगळावरच्या राजधानीत, मध्यवर्ती श्वासकुंडाच्या काचेआडचं हिरवंगार पाणी तीन दिवसांत पिवळं पडलं होतं. सगळ्या वसाहतींना प्राणवायू द्यायचं ते अशा कुंडांतलं शैवालच. साठा अकरा दिवसांचा उरला होता, आणि शैवालतज्ज्ञ डॉ. हमिदा मुलाणींना ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायचंही बळ नव्हतं.

सांगितलं मात्र होतं. सात घुमटराज्यांच्या कुंडांत सात वाणांची शैवालं होती. दुसऱ्या घुमटात राहायला जाणारा माणूस घरचं चमचाभर शैवाल नव्या कुंडात ओतायचा, अशी रीतच होती. राष्ट्राध्यक्ष यशोधन पागनीसांना यात भाऊबंदकीचं मूळ दिसे. श्वास एक नाही तर राष्ट्र कसलं, असं ते सभेसभेत सांगत. त्यांनी सातही कुंडं एका जलवाहिनीनं जोडली, सर्वांत जोमदार वाण सगळीकडे सोडला, बाकीचे नष्ट करवले आणि जुनी रीत पाळणाऱ्याला महिनाभर कुंड घासायची शिक्षा ठेवली.

“सगळ्या घरांना एकच कुलूप लावलं, तर चोराला किल्ल्या किती लागतील?” हमिदाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. पागनीस नुसते हसले होते.

आता तो चोर आला होता. शैवाल फस्त करणारा विषाणू वाहिनीतून सातही कुंडांत पोचला होता.

आज पागनीस स्वतः आले होते, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांच्याशी बोलता बोलता हमिदाबाईंना शिडीखालच्या कोपऱ्यात बोटभर हिरवा डाग दिसला. त्यांनी नमुना जनुकवाचकात घातला. वाण निघाला गेरूगाव घुमटाचा. विषाणूला त्याचं कुलूप उघडेना. इतके दिवस जोमदार वाणाच्या गर्दीत तो कसाबसा तगला होता. गर्दी मेली आणि त्याला उजेड मिळाला. वाहिनी जोडलेली असल्यानं त्याचं बी चार दिवसांत सातही कुंडांत पोचणार होतं, आणि नवव्या दिवशी प्राणवायू सुरू. बाईंनी हिशेब दोनदा केला आणि त्या हसता हसता रडल्या.

मग त्यांच्या डोक्यात आलं, हे ओतलं कुणी? गेरूगाव म्हणजे नऊशे माणसांची वस्ती. तिथला एकच माणूस आजवर या दालनात आला होता. त्यांनी वळून पाहिलं. पागनीस छत न्याहाळत होते.

“आईनं दुसऱ्या शपथविधीच्या दिवशी डबी हातात ठेवली,” ते अखेर म्हणाले. “अख्ख्या देशाला कायदा सांगितला, पण तिला सांगायची छाती झाली नाही.”

“वाहिनी तुमची खरी, साहेब,” बाई म्हणाल्या, “आणि वाण आईंचा खरा.”

पागनीसांनी उभ्या उभ्या वाणबंदी रद्द केली. वाहिनी तेवढी ठेवली. मग कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या दुमडल्या.

“गुन्हा बंदी उठण्याआधीचा आहे,” ते म्हणाले. “घासणी कुठं असते?”

हमिदाबाईंनी घासणी दिली, आणि शिडीखालच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीदही दिली.