ओळखीचं चित्र

व्यापाऱ्याकडून कापडाचं तिसरं ठाण परत आलं आणि महावीर मगदूमचा पारा चढला. इचलकरंजीत कापड तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. महावीरच्या नजरेतून तुटका धागा सुटला असं कुणी म्हणालं, तर लोक म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढायचे. मधुमेहानं डोळे गेले तेव्हा त्यानं दृष्टिपटलावर एक विद्युत पापुद्रा बसवून घेतला. चष्म्यातला कॅमेरा बघायचा, कमरेच्या डबीतलं ग्राफिक्स कार्ड त्याचं चित्र बनवायचं आणि ते पापुद्र्यावाटे मेंदूत पोचायचं. जुनं कार्ड सहा वर्षं बिनतक्रार चाललं. दिवाळीत बसवलेल्या नव्या कार्डानं मात्र चारचौघांत नाक कापलं. चौथं ठाण परत आलं तर उद्यापासून येऊ नका, असं मालकांनी सांगून टाकलं होतं.

"डबी गरम होते का, सर?" कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागातल्या प्रणितानं फोनवर विचारलं.

"तव्यासारखी."

"बंद करून पुन्हा चालू केलीत?"

"केली. कार्डाची टोकं खोडरबरानं घासली, डबीवर ओलं फडकंबी ठेवलं. आता आरती तेवढी ओवाळायची राहिलीया."

प्रणितानं दुरून चाचणी घेतली. महावीरच्या डोळ्यांपुढून आकडे, आकृत्या, अनोळखी चेहरे सरकले आणि त्यानं सगळे अचूक ओळखले. कार्ड निर्दोष ठरलं, म्हणजे परतावा नाही. हवं तर कार्डातलं चित्रण पुरावा म्हणून पाठवा, असं तिनं सुचवलं. त्या चित्रणात कापड अर्थातच स्वच्छ होतं. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर दुसरं काय होणार?

मग महावीरनं आपल्या धंद्याची रीत वापरली. नवा तपासनीस घेताना त्याला मुद्दाम बिघडवलेलं कापड देतात आणि दोष मोजायला सांगतात. त्यानं बायकोला, त्रिशलाला, रोजच्या पांढऱ्या पॉपलीनच्या तुकड्यात सात धागे तोडायला सांगितले. त्याला एकही दिसला नाही. नंतर तिनं माहेरून आलेल्या, त्यानं कधीच न पाहिलेल्या छापील चादरीत सात तोडले. ते त्यानं एका दमात दाखवले.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तापलं की कार्ड अंगचोरपणा करत होतं. नवं काही समोर आलं की ते मन लावून बघे, पण जे रोजचं, सवयीचं, त्याचं साठवलेलं जुनंच चित्र पुढं सरकवत असे. कंपनीची चाचणी दर वेळी नवी, म्हणून तिथं ते पहिल्या नंबरानं पास होई. स्वतःच्या हुशारीवर महावीर खूश झाला. किती तरी दिवसांनी तो मोठ्यानं हसला.

"साध्या फोनवर दोन्ही कापडांचा व्हिडिओ करून पाठवा," त्यानं फोन करून हे सांगताच प्रणिता म्हणाली.

फोन खिडकीत टेकवून त्रिशला कापड धरून उभी राहिली. व्हिडिओ पोचल्यावर अर्ध्या तासात उलट फोन आला. महावीरनं तो खिडकीतच स्पीकरवर घेतला.

"सर, तुमचंच बरोबर आहे. परतावा मंजूर होईल, मी अर्ज पाठवते." मग ती जरा घुटमळली. "कापड धरलंय त्या कोण?"

"मालकीणबाई आमच्या."

"त्यांना दवाखान्यात दाखवलंय ना? डोळे हळदीसारखे पिवळे दिसतायत. चेहराही फार उतरलाय."

महावीरनं वळून पाहिलं. त्रिशलाचे डोळे स्वच्छ पांढरे होते, गाल भरलेले होते. दिवाळीत होते तसेच. होळी होऊन गेली होती, आणि तो अजून दिवाळीतला चेहरा बघत होता. त्यानं चाचपडत तिचं मनगट धरलं. हात काडीसारखा लागला. बांगड्या सरकून पार कोपरापर्यंत गेल्या.

"कधीपासनं?"

"संक्रांतीपासनं."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"



"शेजारची अंबिका म्हणाली, दवाखान्यात जा. मी म्हटलं, घरचा माणूस म्हणंल तवा जाईन. केसाएवढा धागा दिसतोय तुम्हाला. मला वाटलं, मी बी दिसत असंन. दिसत असूनबी गप बसलाय, असंच वाटलं बघा."

आवाज रडून जड झालेला होता. समोरचा चेहरा मात्र छान हसत होता. महावीरला तो चेहरा बघवेना. त्यानं चष्मा काढून ठेवला आणि अंधारात तिचा हात घट्ट धरला. रिक्षा बोलवायला हवी होती, चप्पल शोधायला हवी होती, पण त्याला उठवेना.

खिडकीतला फोन वाजला आणि परताव्याचा अर्ज आपोआप वाचून दाखवू लागला. नाव, पत्ता, खरेदीची तारीख सगळं कंपनीनं आधीच भरलं होतं. एकच प्रश्न उरला होता.

"या दोषामुळे आपले काही नुकसान झाले आहे काय? कृपया हो किंवा नाही म्हणा."